नादुरुस्त लॅपटॉपमधील व्यक्तिगत दस्तऐवजांची पुनर्प्राप्ती : लिनक्स साधनांचा इतिहास आणि महागाव तालुक्याचा संदर्भ

प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासकास साधनांचा नाश ही बाब नवी नाही. वाळवी, पुराचे पाणी, आग आणि वारसांची उदासीनता ही जुन्या दप्तरांच्या नाशाची परिचित कारणे होत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले, त्यामागे गावोगाव हिंडून नष्ट होऊ घातलेले कागद गोळा करण्याचे अखंड परिश्रम होते. कागद हाती लागला म्हणजे तो वाचता येत असे, मग तो मोडी लिपीत असो वा त्याच्या कडा झिजलेल्या असोत. अर्धवट फाटलेल्या पत्रातूनही अर्धा मजकूर मिळतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या परिस्थितीत मूलभूत बदल झाला. पत्रव्यवहार, टिपणे, छायाचित्रे, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि लेखनाचे कच्चे खर्डे कागदावरून लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर गेले. ही डिस्क बिघडली म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. फाटलेल्या कागदाप्रमाणे तिच्यातून अर्धा मजकूर सहज वाचता येत नाही, आणि म्हणूनच 'सर्व गेले' असा समज होऊन ती भंगारात टाकली जाते. वस्तुतः अनेक प्रसंगी मजकुराचा फार मोठा भाग डिस्कवर शाबूत असतो. तो परत मिळविण्याची मुक्त व विनामूल्य साधने लिनक्स या कार्यप्रणालीवर उपलब्ध आहेत. त्या साधनांच्या जडणघडणीचा इतिहास मांडणे आणि मराठी दस्तऐवजांच्या बाबतीत उद्भवणाऱ्या विशेष अडचणींचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

विषयाची निवड व व्याप्ती

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे नागपूर–तुळजापूर महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. पुसद व उमरखेड हे शेजारचे तालुके असून जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. या परिसरात बंजारा व आंध समाजांची मोठी वस्ती आहे. जिल्ह्याच्या इतर भागांत गोंड व कोलाम समाज आहेत आणि कोलामांचा समावेश महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. अशा भागातील महाविद्यालयीन प्राध्यापक क्षेत्रीय अभ्यास करतो तेव्हा तो लेंगी गीते, कोलामी बोलीतील कथा, वृद्धांच्या मुलाखती आणि गावच्या जुन्या कागदांची छायाचित्रे यांचा संग्रह करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या अधिसूचनेनुसार पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक झाले, त्यामुळे अंतिम प्रबंध 'शोधगंगा'सारख्या भांडारात सुरक्षित राहतो. परंतु ज्या सामग्रीवर तो प्रबंध उभा असतो, ती मूळ सामग्री बहुधा एकाच लॅपटॉपवर राहते. गाणारी वृद्धा निवर्तल्यानंतर ते ध्वनिमुद्रण पुन्हा करता येत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीच्या सोयी मर्यादित असतात. धूळविरहित कक्षात डिस्क उघडून काम करणाऱ्या विशेष प्रयोगशाळा महानगरांत आहेत व त्यांचा खर्च सामान्य शिक्षकास परवडण्याजोगा नसतो. त्यामुळे स्वतःच्या अथवा महाविद्यालयाच्या संगणकावर काय करता येते, हा प्रश्न येथे व्यावहारिक महत्त्वाचा ठरतो.

हार्ड डिस्कचे स्वरूप

चुंबकीय हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ पासून सुरू होतो. आयबीएम कंपनीच्या रॅमॅक संगणकातील डिस्क यंत्रणेत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. १९८० मध्ये वैयक्तिक संगणकासाठी सव्वापाच इंची डिस्क आली, तर १९८८ मध्ये लॅपटॉपला साजेशी अडीच इंची डिस्क तयार झाली. आकार घटला, धारणशक्ती लाखो पटींनी वाढली, तथापि तत्त्व तेच राहिले. फिरत्या चकतीपासून अत्यल्प अंतरावर तरंगणारे हेड चुंबकीय खुणा वाचते. लॅपटॉप चालू असताना पडला, तर हेड चकतीवर आदळून त्या जागेवरील खुणा कायमच्या नष्ट होऊ शकतात.

चकतीवरील जागा 'सेक्टर' नावाच्या लहान घरांत विभागलेली असते. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरल्यास ५०० जीबीच्या डिस्कवर सुमारे ९७ कोटी ६७ लाख सेक्टर असतात. त्यांपैकी १००० सेक्टर वाचता आले नाहीत, तरी प्रत्यक्ष हानी केवळ ५ लाख १२ हजार बाइटची असते. असे असूनही लॅपटॉप सुरूच होत नाही, कारण ते सेक्टर कार्यप्रणालीच्या अथवा फाइलींच्या नोंदीच्या जागी असू शकतात. ग्रंथालयाची सूची जळाली म्हणजे ग्रंथ जळाले असे होत नाही, मात्र ग्रंथ शोधणे दुरापास्त होते. नादुरुस्त डिस्कची स्थिती बव्हंशी अशीच असते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, त्या योजनेस 'स्मार्ट' असे नाव आहे. लिनक्सवर ही नोंद वाचण्यासाठी ब्रूस अ‍ॅलन या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये 'स्मार्टमॉनटूल्स' हा प्रकल्प सुरू केला. तथापि या नोंदीवर पूर्णतः विसंबता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी सर्वांत महत्त्वाच्या चार निदर्शकांपैकी एकाचीही पूर्वसूचना दिली नव्हती, असे आढळले.

लिनक्स आणि फाइल व्यवस्थेचा विकास

लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. आरंभी त्यात मिनिक्स या प्रणालीची फाइल व्यवस्था वापरली जात असे. रेमी कार्ड यांनी १९९२ मध्ये 'एक्स्ट' व १९९३ मध्ये 'एक्स्ट-२' ही व्यवस्था तयार केली. एक्स्ट-२ मध्ये प्रत्येक फाइलसाठी 'आयनोड' नावाची नोंद असते आणि मजकूर डिस्कवर कोणकोणत्या ठिकाणी आहे हे त्या नोंदीत लिहिलेले असते. संपूर्ण व्यवस्थेचा आराखडा 'सुपरब्लॉक'मध्ये असतो. या सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर अन्यत्रही ठेवलेल्या असतात. ४०९६ बाइटच्या ब्लॉकची व्यवस्था असल्यास पहिली राखीव प्रत ३२,७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर सापडते. मूळ आराखडा बिघडला तरी या प्रतीच्या आधारे व्यवस्था उभी करता येते.

२००१ मध्ये स्टीफन ट्वीडी यांची एक्स्ट-३ व्यवस्था लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तिने 'जर्नल' आणले. व्यापारी ज्याप्रमाणे व्यवहार प्रथम कीर्दीत लिहून मग खतावणीत उतरवितो, त्याप्रमाणे फाइल व्यवस्थेतील बदल प्रथम जर्नलमध्ये नोंदविला जातो. अचानक वीज गेल्यास कीर्दीवरून खतावणी जुळविता येते. मात्र या सुधारणेबरोबर एक तोटाही आला. एक्स्ट-२ मध्ये खोडलेल्या फाइलच्या आयनोडमध्ये मजकुराचे पत्ते शिल्लक राहत, एक्स्ट-३ मध्ये ते पुसले जात. त्यामुळे चुकून खोडलेली फाइल परत मिळविणे अवघड झाले. फेब्रुवारी २००८ मध्ये कार्लो वूड या संगणकतज्ज्ञाकडून स्वतःचे संपूर्ण व्यक्तिगत फोल्डर खोडले गेले. तेव्हा त्यांनी जर्नलमध्ये शिल्लक असलेल्या जुन्या नोंदींचा शोध घेणारे 'एक्स्ट३ग्रेप' हे साधन लिहिले, आपल्या फाइली परत मिळविल्या आणि ते साधन सर्वांसाठी खुले केले. २००८ च्या अखेरीस एक्स्ट-४ ही व्यवस्था स्थिर म्हणून जाहीर झाली व पुढे बहुसंख्य लिनक्स संगणकांवर तीच रूढ झाली.

या क्षेत्रातील अनेक साधने अशीच प्रत्यक्ष अडचणीतून निर्माण झाली आणि मुक्त परवान्यामुळे सार्वजनिक झाली, ही बाब येथे नोंदविण्याजोगी आहे.

प्रतिमा घेणारी साधने

नादुरुस्त डिस्कवर थेट दुरुस्ती करू नये, प्रथम तिची जशीच्या तशी प्रत घ्यावी, हे पुनर्प्राप्तीचे पहिले तत्त्व होय. या प्रतीस 'प्रतिमा' म्हणतात. युनिक्स परंपरेतील 'डीडी' ही १९७० च्या दशकातील आज्ञा अशी प्रत घेऊ शकते, परंतु ती निरोगी माध्यमासाठी रचलेली आहे. वाचता न येणारा सेक्टर लागला की ती थांबते. पर्याय दिल्यास पुढे जाते, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीनेच. मरणासन्न डिस्कचे उरलेले आयुष्य खराब भागावरच खर्च होते व चांगला भाग वाचावयाचा राहून जातो.

ही उणीव प्रथम कुर्ट गारलॉफ यांच्या 'डीडी_रेस्क्यू'ने व नंतर अँतोनियो दियाझ दियाझ यांच्या 'जीएनयू डीडीरेस्क्यू'ने भरून काढली. नावांच्या साम्यामुळे गोंधळ होत असला तरी ही दोन स्वतंत्र साधने आहेत. २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन प्रथम सहज वाचता येणारे सर्व भाग घेते व खराब प्रदेश ओलांडून पुढे जाते. त्यानंतर ते खराब प्रदेशाच्या कडा निश्चित करते, मग आतील सेक्टर एकेक करून वाचते आणि शेवटी उरलेल्या सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न करते. कोणता भाग मिळाला व कोणता राहिला याची नोंद एका नकाशा-फाइलीत होत असल्याने काम मध्येच थांबले तरी पुढे तेथूनच सुरू करता येते. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे हा गुण विशेष मोलाचा ठरतो. सेकंदाला १०० एमबी या गतीने ५०० जीबीची निरोगी डिस्क सुमारे दीड तासात वाचून होते. नादुरुस्त डिस्कला मात्र एकेका सेक्टरसाठी काही सेकंद लागू शकतात व हेच काम कित्येक दिवस चालते.

बंद पडलेल्या लॅपटॉपवर ही साधने चालवायची कशी, या प्रश्नाचे उत्तर सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सने दिले. क्लाउस क्नॉपर यांचे 'क्नॉपिक्स' २००० मध्ये आले. ते हार्ड डिस्कला स्पर्श न करता सीडीवरून संगणक सुरू करीत असे. भारतात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत दिलेल्या सीडींमुळे लिनक्सची ओळख महानगरांबाहेर पोहोचली होती. पुढे २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी मागणी करणाऱ्याच्या पत्त्यावर टपालाने विनामूल्य पाठविल्या जात. आज त्यांची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे. लॅपटॉपवर विंडोज असले तरीही हा मार्ग उपयोगी पडतो, कारण लिनक्सला विंडोजची एनटीएफएस ही फाइल व्यवस्था वाचता येते.

अवशेषांतून फाइल उभी करणे

प्रतिमा हाती आल्यानंतर दोन मार्ग असतात. फाइल व्यवस्थेच्या नोंदी बऱ्यापैकी शाबूत असल्यास त्यांची डागडुजी करून फाइली नावानिशी व फोल्डरनिशी परत मिळतात. डिस्कच्या विभागांची हरवलेली सारणी शोधण्यासाठी क्रिस्टोफ ग्रेनिए यांचे 'टेस्टडिस्क' हे साधन १९९८ पासून विकसित होत आले आहे.

नोंदी पूर्णतः नष्ट झाल्या असतील तर दुसरा मार्ग घ्यावा लागतो. बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या आरंभी ठरावीक बाइट असतात. उदाहरणार्थ, प्रत्येक जेपीईजी छायाचित्राचा प्रारंभ २५५ व २१६ या मूल्यांच्या दोन बाइटनी होतो. या खुणा डिस्कभर शोधून फाइल बाहेर काढता येते. अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागात तयार झालेले 'फोरमोस्ट' आणि ग्रेनिए यांचेच 'फोटोरेक' ही साधने याच तत्त्वावर चालतात. कॅमेऱ्यातील छायाचित्रांसाठी सुरू झालेले फोटोरेक कालांतराने शेकडो प्रकारच्या फाइली ओळखू लागले. या मार्गाने फाइलीचे नाव, तारीख व फोल्डर परत मिळत नाहीत. हजारो अनामिक फाइलींतून आपली फाइल शोधण्याचे काम मालकासच करावे लागते. शिवाय फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असल्यास ती अपुरी निघते. दीर्घ ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

२००३ च्या फेब्रुवारीत कोलंबिया हे अंतराळयान नष्ट झाले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या डिस्कवरून प्रयोगाची सुमारे ९९ टक्के सामग्री परत मिळाली व २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे काम विशेष प्रयोगशाळेचे होते. तथापि डिस्कचे बाह्यरूप पाहून आतील मजकुराविषयी निराश होऊ नये, हा बोध त्यातून निश्चित मिळतो.

कार्यपद्धती

वरील साधनांच्या आधारे तालुक्याच्या ठिकाणी करता येण्याजोगी पद्धती पुढीलप्रमाणे सांगता येईल. डिस्क खटखट असा नियमित आवाज करीत असेल अथवा फिरतच नसेल, तर दोष यांत्रिक वा विद्युत स्वरूपाचा असतो. अशा वेळी ती तत्काळ बंद करावी. कोणतेही सॉफ्टवेअर तेथे उपयोगी पडत नाही आणि प्रत्येक प्रयत्नागणिक हानी वाढते. डिस्क फिरत असून संगणकास दिसत असेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकास जोडावी अथवा त्याच लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरील लिनक्स सुरू करावे. प्रतिमा ठेवण्यासाठी मूळ डिस्कपेक्षा अधिक मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क हवी. प्रतिमा पूर्ण होईपर्यंत मूळ डिस्कवर दुरुस्तीची कोणतीही आज्ञा देऊ नये. एक्स्ट-३ वा एक्स्ट-४ व्यवस्था केवळ वाचनासाठी जोडली तरी लिनक्स तिच्या जर्नलमधील अपुऱ्या नोंदी पूर्ण करू पाहतो व त्यामुळे मूळ डिस्कवर लिहिले जाऊ शकते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यासाठी जर्नल न वाचण्याचा वेगळा पर्याय द्यावा लागतो. प्रतिमा मिळाल्यावर तिचीही एक प्रत करून त्या प्रतीवरच पुढील सर्व प्रयोग करावेत.

मराठी मजकूर आणि लिपीचा प्रश्न

फाइल परत मिळाली म्हणजे मजकूर परत मिळाला, असे मराठीच्या बाबतीत म्हणता येत नाही. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत १९९१ मध्येच देवनागरीचा समावेश झाला होता आणि त्यास भारतीय प्रमाणक 'इस्की'चा आधार होता. तरीही महाराष्ट्रातील कार्यालये, मुद्रणालये व महाविद्यालये पुढील दीर्घ काळ श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम आणि कृतिदेव यांसारख्या फॉन्टवरच विसंबून होती. या फॉन्टमध्ये मजकूर देवनागरी म्हणून साठविला जात नाही. रोमन अक्षरांच्या वा चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असतात आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असते.

'महागाव' हाच शब्द उदाहरणादाखल घेता येईल. कृतिदेवमध्ये तो ई, जी, के, एक्स, के, ओ या सहा रोमन अक्षरांच्या रूपाने साठविला जातो व सहा बाइट व्यापतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत त्याच शब्दाला प्रत्येक चिन्हास तीन याप्रमाणे अठरा बाइट लागतात. परत मिळालेल्या प्रतिमेत युनिकोडमधील 'महागाव' शोधल्यास कृतिदेवमधील टिपणे सापडणार नाहीत. त्यासाठी उपरोक्त सहा रोमन अक्षरांचाच शोध घ्यावा लागेल. फॉन्टची माहिती असलेला शोधक असा शोध प्रतिमेवर थेट घेऊ शकतो व फाइल व्यवस्था पूर्ण नष्ट झाली असली तरी त्यास टिपणाचे तुकडे सापडू शकतात.

येथे एक विसंगती दिसून येते. जुन्या डॉक प्रकारच्या फाइलीत मजकूर दाबून साठविलेला नसतो, म्हणून तिचा एखादा तुकडाही वाचता येतो. २००७ नंतर रूढ झालेली डॉक्सएक्स फाइल दाबलेल्या स्वरूपात असते आणि तिचा एक सेक्टर बिघडला तरी पुढील मजकूर उलगडणे कठीण होते. साध्या युनिकोड मजकुराच्या फाइलीत मात्र एका सेक्टरच्या नाशाने सुमारे १७० देवनागरी चिन्हेच जातात, म्हणजे दोन-तीन ओळी. दीर्घकालीन जतनाच्या दृष्टीने साधे स्वरूप अधिक टिकाऊ ठरते, असा निष्कर्ष यातून निघतो. लिनक्सवर मराठी युनिकोड वाचण्यासाठी मुक्त फॉन्ट उपलब्ध होण्यास २००४ मध्ये रेड हॅटच्या लोहित फॉन्टमुळे मोठे साह्य झाले.

विदर्भातील पूर्वपरंपरा

हरवलेला मजकूर उभा करणे आणि न वाचता येणारी लिपी उलगडणे, या दोन्ही प्रकारच्या कामांची परंपरा विदर्भास जुनीच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूर येथे सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली, अशी महानुभाव पंथाची परंपरा सांगते. त्यानंतर हिराइसा आणि इतर अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्यात आला व त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली व १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेली आवृत्ती ही या पाठपरंपरेच्या दीर्घ अभ्यासाची फलश्रुती होय. डीडीरेस्क्यूच्या पुस्तिकेतही हेच तत्त्व आढळते. एकाच मजकुराच्या दोन बिघडलेल्या प्रती असल्यास एकीतील खिंडार दुसरीने भरता येते, कारण दोन्हींचा बिघाड सहसा एकाच जागी नसतो.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. पोथ्या शाबूत असूनही त्या शतकानुशतके पंथाबाहेरील वाचकास बंद राहिल्या. राजवाडे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडले आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध करून या साहित्याचा परिचय अभ्यासकांना करून दिला. महागावपासून फार दूर नसलेले माहूर हे या पंथाच्या श्रद्धास्थानांपैकी एक आहे. पोथी हाती असूनही किल्ली नसल्यास ती मुकी राहते, ही गोष्ट या भागातील अभ्यासकास वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फॉन्टचे नाव न नोंदविता ठेवलेली फाइल ही अशीच किल्ली हरवलेली पोथी होय. फरक इतकाच की, सकळ लिपी हेतुपुरस्सर योजलेली होती आणि फॉन्टचा गोंधळ केवळ अनवधानाने झाला.

मर्यादा व नैतिक प्रश्न

या साधनांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असते. तीत फाइल खोडताच कार्यप्रणाली 'ट्रिम' या आज्ञेने ती जागा मोकळी झाल्याचे कळविते व त्यानंतर मजकूर बहुधा परत मिळत नाही. कूटबद्ध केलेल्या डिस्कची किल्ली ज्या भागात असते तो भाग नष्ट झाल्यास उर्वरित डिस्क निरोगी असूनही व्यर्थ ठरते. ज्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला, तेथील जुना मजकूर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

नैतिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जे साधन मालकास त्याची फाइल परत देते, तेच परक्यालाही देऊ शकते. सिमसन गारफिंकल व अभि शेलत यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासण्यात आल्या. त्यांपैकी केवळ १२ डिस्क योग्य रीतीने पुसलेल्या होत्या. इतरांत पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती व हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या लॅपटॉपवर विद्यार्थ्यांचे गुण, त्यांची ओळखपत्रे आणि मुलाखती देणाऱ्यांचे खाजगी बोलणेही असते. तो दुरुस्तीसाठी परक्या हाती देणे अथवा भंगारात टाकणे ही केवळ मालकाची व्यक्तिगत बाब राहत नाही. स्वतःच्या संस्थेत पुनर्प्राप्ती करण्याच्या बाजूने हे एक सबळ कारण आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, लिनक्सवरील पुनर्प्राप्तीची साधने व्यक्तींच्या प्रत्यक्ष गरजांतून निर्माण झाली व मुक्त परवान्यामुळे ती महागावसारख्या ठिकाणीही खर्चाविना वापरता येतात. दुसरा असा की, पुनर्प्राप्ती तीन पातळ्यांवर घडते. माध्यमावरील बाइट, फाइलींची नोंद आणि मजकुराची लिपी या तीनही पातळ्यांवर यश आल्यासच दस्तऐवज परत मिळाला असे म्हणता येते. मराठी सामग्रीच्या बाबतीत तिसरी पातळी बहुधा दुर्लक्षित राहते. तिसरा निष्कर्ष असा की, मूळ प्रतीस हात न लावता तिच्या नकलेवर काम करणे हे तत्त्व दप्तरांच्या संपादनात व डिस्कच्या पुनर्प्राप्तीत समानच आहे. इतिहासाच्या अध्यापकास ते नव्याने शिकावे लागत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लिनक्स असलेला एक जुना संगणक, पुरेशा क्षमतेची एक बाह्य डिस्क आणि काम जाणणारी एक व्यक्ती एवढी सिद्धता ठेवणे अशक्य नाही. प्राध्यापकांच्या क्षेत्रीय सामग्रीची एक प्रत, फॉन्टच्या व मुलाखतीच्या तपशिलासह, तेथे जमा करून घेतल्यास पुनर्प्राप्तीचा प्रसंगच विरळा होईल. आधीच नादुरुस्त झालेले लॅपटॉप अनेक घरांत माळ्यावर वा कपाटात पडून आहेत. त्यांतील बोलींचे नमुने, गीते व टिपणे या जिल्ह्याच्या इतिहासाची साधनेच आहेत. राजवाडे यांना कागद रद्दीत जाण्यापूर्वी गाठावे लागत. या डिस्कही भंगारात जाण्यापूर्वी गाठणे आवश्यक आहे.